पुसत पुसत दाराकडे

माझ्या एकपात्री प्रयोगाचा पहिला खर्डा तयार झाला तेव्हा त्यात अकरा घरे होती आणि अकराच्या अकरा घाणेरडी होती. नऊ वर्षे लोकांच्या सदनिकांची साफसफाई केल्यानंतर विनोदासाठी कच्च्या मालाची टंचाई भासण्याचे काहीच कारण नव्हते. पलंगाखाली सापडलेल्या वस्तू, मोरीच्या जाळीतून निघालेले केसांचे पुंजके, फ्रिजच्या तळाशी स्वतःचे वेगळे जग वसवून बसलेले डबे, हे सारे मी वहीत टिपून ठेवले होते आणि ते एकापाठोपाठ एक सांगत गेले की तासाभराचा प्रयोग आपोआप उभा राहील, अशी माझी भाबडी समजूत होती. चार मैत्रिणींसमोर मी त्याचे वाचन केले. पहिली दहा मिनिटे त्या पोट धरून हसल्या, पुढची दहा मिनिटे सौजन्याने हसल्या आणि त्यानंतर त्यांच्यातील एकीने हळूच विचारले, "अजून किती घरे आहेत?"

किळसेवर उभ्या असलेल्या हशाची अडचण अशी, की त्याला दर वेळी आधीपेक्षा मोठा घास लागतो. पहिल्या घरात पलंगाखाली एक मोजा सापडला, तर दुसऱ्या घरात निदान मोज्यांचे अख्खे कुटुंब सापडावे लागते, आणि सहाव्या घरापर्यंत येता येता सांगणाऱ्याला खोटे बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय समोर बसलेला प्रत्येक माणूस मनातल्या मनात आपल्या पलंगाखाली डोकावत असतो, त्यामुळे त्याचे निम्मे लक्ष नाट्यगृहाबाहेर गेलेले असते. मला मात्र सगळ्यांत जास्त खटकले ते निराळेच होते. ज्या लोकांनी विश्वासाने घराची किल्ली माझ्या हातात दिली, त्यांचा कचरा मी दुसऱ्यांदा गोळा करत होते, आणि या खेपेला तो बाहेर नेऊन टाकण्याऐवजी रंगमंचावर मांडून ठेवत होते. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण ज्याने प्रथम केली, तो माणूस चार घरची साफसफाई करत असला पाहिजे असे मला नेहमी वाटते. परंतु म्हण करून त्याने विषय संपवला, एकेका चुलीचे वर्णन करत तो बसला नाही, हे त्याचे शहाणपण माझ्या लक्षात यायला पुष्कळ उशीर झाला.

प्रयोगाला आकार आला तो एका फजितीमुळे. नवोदितांसाठी ठेवलेल्या एका संध्याकाळी मला दहा मिनिटे मिळाली होती आणि चौथ्या मिनिटाला पुढचा किस्सा मी साफ विसरले. मंचावरचे सामान म्हणून आणलेले एक पिवळे फडके हातात होते. वेळ मारून नेण्यासाठी मी ते फडके कसे वापरायचे हे समजावून सांगू लागले. फडक्याचा बोळा करायचा नसतो. ते एकदा मधोमध दुमडायचे, मग पुन्हा एकदा मधोमध दुमडायचे, म्हणजे तळहाताच्या मापाच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात आणि एक बाजू मळली की दुसरी पुढे घेता येते. हे मी अत्यंत गंभीरपणे, एकेक बाजू उलटून, मोठ्याने मोजत करून दाखवले. तिसऱ्या बाजूला मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले, पाचव्या बाजूला अर्धे सभागृह हसू लागले आणि आठवी बाजू आली तेव्हा लोकांनी माझ्याबरोबर तो आकडा उच्चारला. विसरलेला किस्सा एव्हाना आठवला होता, पण मी तो सांगितला नाही.

लोक कशाला हसले, याचा विचार मी पुढे कित्येक दिवस करत होते. माझ्या मते ते फडक्याला हसले नाहीत आणि मलाही हसले नाहीत. जे काम 'कोणालाही जमेल' असे ते आजवर गृहीत धरत आले होते, त्यात इतकी मोजदाद आणि इतका हिशेब दडलेला आहे हे अचानक समोर आल्यामुळे ते हसले, आणि थोडेसे आपापल्या घरातील बोळ्यांनाही हसले. अकरा घरे मी त्याच रात्री वहीतून काढून टाकली. त्यांच्या जागी एकच रिकामी सदनिका घेतली, आणि तिच्यात शिरल्यापासून दार ओढून घेईपर्यंत काम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने प्रयोग बांधायला सुरुवात केली.

तो क्रम सांगणे हाच आता प्रयोगाचा पहिला भाग आहे. वरून खाली, कोरड्याकडून ओल्याकडे, कमी मळलेल्याकडून जास्त मळलेल्याकडे: या तीन नियमांवर सगळे घर चालते. जळमटे आधी, कारण ती खाली पडतात. धूळ कोरडी असतानाच टिपायची, कारण तिच्यावर पाणी पडले की तिचा चिखल होतो. संडास सर्वांत शेवटी, कारण तिथले फडके स्वयंपाकघरात जाणे हा विनोदाचा नव्हे, तर आजारपणाचा विषय आहे. व्यावसायिक सफाईत म्हणूनच अनेक ठिकाणी फडक्यांना रंग ठरवून दिलेले असतात आणि लाल रंग बहुधा संडासासाठी राखलेला असतो. हे एकदा प्रेक्षकांना सांगून ठेवले, की पुढे तासभर मी लाल फडके नुसते उचलले तरी सभागृहात अस्वस्थ खसखस पिकते. ते फडके मी नकळत ओट्याच्या दिशेने नेऊ लागले की पहिल्या रांगेतून चक्क आर्जवे ऐकू येतात. नियम आधी नीट सांगितला असेल तर तो मोडण्याची नुसती भीतीही हशाची जागा होते, हे मला कोणत्याही शिबिरात न शिकता समजले.

दुसरी भक्कम जागा रसायनशास्त्राने दिली. नळावर आणि न्हाणीघराच्या काचेवर साचणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लाने विरघळतो, म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल लावायचे, इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असते. परंतु संगमरवर हाही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच असतो. म्हणजे नळावरचा जो पदार्थ घालवण्यासाठी घरमालक मला पैसे देतात, तोच पदार्थ शेजारच्या कट्ट्यावर चकाकत राहावा म्हणून त्यांनी त्याच्या कैक पट पैसे मोजलेले असतात, आणि आम्लाला या दोहोंतील फरक कळत नाही. प्रयोगात मी इथे दोन मिनिटे आम्ल होते. हे आम्ल अतिशय सुस्वभावी आणि कष्टाळू आहे. नळ स्वच्छ करून झाला की ते आपणहून, कोणी न सांगता, कौतुकाच्या अपेक्षेने संगमरवराकडे वळते. माझ्या संपूर्ण प्रयोगात इतके प्रामाणिक पात्र दुसरे नाही.

याच भागात एक वाक्य असे आहे ज्यावर कधीही हशा येत नाही आणि तो यावा अशी माझी अपेक्षाही नाही. ब्लीच आणि आम्ल असलेले संडासाचे क्लीनर एकत्र झाले तर क्लोरीन वायू निघतो आणि ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तर क्लोरामाइनची वाफ निघते. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. हे मी सरळ उभे राहून, कसलाही अभिनय न करता सांगते आणि पुढे जाते. एका जाणकार मित्राने हे वाक्य काढून टाकण्याचा सल्ला दिला, कारण त्याने प्रयोगाची लय तुटते. ती तुटते हे मला मान्य आहे. तरीही शंभर माणसांसमोर घराच्या सफाईबद्दल तासभर बोलायचे आणि नेमके एवढेच सांगायचे नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

विनोदातील विरामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो विराम जंतुनाशकाच्या बाटलीने शिकवला. जंतुनाशक फवारले आणि लगेच पुसून टाकले तर ते पुरेसे काम करत नाही. पृष्ठभाग काही काळ ओला राहावा लागतो, आणि हा काळ बाटलीवर लिहिलेला असतो; काही द्रावणांच्या बाबतीत तो दहा मिनिटांपर्यंत असतो. तो मजकूर वाचणारी माणसे थोडी आणि वाचून थांबणारी त्याहून थोडी. प्रयोगात मी टेबलावर फवारा मारते, बाटलीवरील सूचना वाचून दाखवते आणि मग खरोखर थांबते. काहीही करत नाही. पहिली दहा सेकंदे लोकांना वाटते, की मी वाक्य विसरले; विसाव्या सेकंदाच्या आसपास पहिले हसू येते, मग ते ओसरते, मग शांतता इतकी अवघड होते की तिच्यातूनच दुसरा, अधिक मोठा हशा फुटतो. आजवर मी पन्नास सेकंदांपर्यंत मजल मारली आहे. दहा मिनिटे थांबण्याचे धैर्य अजून झालेले नाही, मात्र एखाद्या निवृत्तीच्या प्रयोगासाठी मी ते राखून ठेवले आहे.

एकटीने रिकाम्या घरात काम करणे आणि एकटीने मोकळ्या रंगमंचावर उभे राहणे यांत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे समोर नसलेल्या माणसांशी बोलावे लागते. संस्कृत नाट्यपरंपरेत यासाठी एक स्वतंत्र प्रकारच होता. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, 'भाण' हे एकाच अंकाचे आणि एकाच पात्राचे असते. त्यातील विट, म्हणजे रंगेल, बोलघेवडा गृहस्थ, गावातील गणिकांच्या वस्तीतून दारोदार फिरतो, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, आणि 'किं ब्रवीषि', म्हणजे 'काय म्हणतोस', असे विचारून त्यांचे उत्तर स्वतःच उच्चारून दाखवतो. या युक्तीला आकाशभाषित म्हणतात. शूद्रक, ईश्वरदत्त, वररुचि आणि श्यामिलक यांच्या नावावर असलेले चार जुने भाण 'चतुर्भाणी' या नावाने १९२२ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. त्यांच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा मला अतिशय ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले. दारोदार फिरणे, प्रत्येक दारामागील माणसाचे गुपित ठाऊक असणे आणि गैरहजर माणसाच्या वतीने बोलणे, हे सगळे आम्ही करतोच. विटापाशी अत्तर होते आणि आमच्यापाशी फिनेल असते, एवढाच काय तो फरक.

माझ्या प्रयोगातील आकाशभाषित चिठ्ठ्यांवर चालते. घरमालक कामावर गेलेला असतो, परंतु फ्रिजच्या दारावर, आरशावर, कधी कधी थेट मॉपच्या दांड्यावर त्याचा आवाज चिकटवलेला असतो. 'कृपया फुलदाणी हलवू नये.' काय म्हणता? हलवू नये? मग तिच्याखालची धूळ कोणी काढायची? काय म्हणता, तीही काढावी? अशा तऱ्हेने फुलदाणी न हलवता तिच्याखालून पुसण्याच्या तंत्रावर आमचा चार मिनिटे संवाद चालतो. मंचावर चिठ्ठीचा कागद कोरा असतो आणि दर प्रयोगाला मजकूर थोडा बदलतो. प्रत्यक्षात मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकी एकही मी वापरलेली नाही. त्यांचे वळण, त्यांतील 'कृपया'चे प्रमाण आणि त्या 'कृपया'मागील उकळणारा राग तेवढा उसना घेतला आहे.

सर्वांत खात्रीची जागा मात्र अशा घरमालकिणीची आहे, जिला सफाईवाली येणार म्हणून आदल्या रात्री संपूर्ण घर साफ करून ठेवल्याशिवाय झोप येत नाही. ती दार उघडते तेव्हा तिच्या हातात झाडू असतो, कपाळावर घाम असतो आणि चेहऱ्यावर अपराधी भाव असतो. "अहो, या ना, सगळे फार पसरले आहे हो," असे म्हणत ती मला आरशासारख्या फरशीवरून आत नेते आणि शेवटी अवघडून विचारते, "तुम्ही जरा बघता का, माझे काही राहून गेले आहे का ते?" या वाक्यावर हसणाऱ्यांचे दोन गट पडतात. ज्यांच्याकडे कोणी साफसफाईला येते, ते मान खाली घालून हसतात. जे स्वतः साफसफाईला जातात, ते शेजारच्याच्या खांद्यावर थाप मारून हसतात. सभागृहात कोण कोण बसले आहे, हे मला त्या क्षणी नेमके कळते.

नोकराला विनोदाच्या केंद्रस्थानी आणणे ही काही नवी गोष्ट नव्हे. प्लॉटसच्या रोमन प्रहसनांमधील चतुर गुलामांपासून इटलीतील मुखवट्यांच्या नाटकांमधल्या 'झानीं'पर्यंत मालकापेक्षा हुशार नोकरांची मोठी रांग आहे, आणि हे झानी म्हणजे बेर्गामोच्या डोंगराळ भागातून व्हेनिसमध्ये पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांचे विडंबन होते. या परंपरेविषयी माझी एकच तक्रार आहे. हा नोकर मालकाची प्रेमपत्रे पोहोचवतो, त्याचे लग्न जुळवतो, त्याला गोत्यात आणतो आणि बाहेरही काढतो. मात्र काम करताना तो क्वचितच दिसतो. म्हणूनच अठराव्या शतकात गोल्दोनीने लिहिलेल्या 'दोन मालकांचा नोकर' या नाटकातील सर्वाधिक गाजलेला प्रवेश कोणता, हे पाहण्यासारखे आहे. त्यात तो नोकर दोन खोल्यांमधील दोन मालकांना, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता, एकाच वेळी जेवण वाढतो. पावणेतीनशे वर्षे लोक ज्या प्रवेशाला हसत आले आहेत, त्यात तो नोकर कुठलाही टोमणा मारत बसलेला नाही. तो फक्त आपले काम करतो आहे, पण ते काम अशक्य आहे. माझ्या आठ बाजूंच्या फडक्याला यापेक्षा थोर पूर्वज मिळणे कठीण.

एक मोठा भाग मात्र सपशेल पडला, आणि तो असा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ मधील अहवालानुसार जगात सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि त्यांपैकी ७६ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. घरकामगारांच्या हक्कांसाठी याच संघटनेने २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार संमत केला आणि तो २०१३ मध्ये अमलात आला. हे सगळे मी सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये कळकळीने सांगत असे आणि सभागृहात एकदम शोकसभेचे वातावरण पसरत असे. लोक हात जोडायचेच काय ते बाकी राहत. अखेर मी त्या करारातील फक्त सातवे कलम ठेवले. घरकामगाराला कामाच्या अटी सोप्या आणि समजेल अशा रीतीने, शक्यतो लेखी करारातून, कळवल्या जाव्यात असे ते सांगते, आणि त्या अटींमध्ये कामाचे स्वरूपही यावे असे त्यात नमूद आहे. हे कलम मी पूर्ण गांभीर्याने वाचते आणि मग खिशातून माझा लेखी करार काढते. तो हातभर लांबीचा कागद असावा अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. त्यावर एकच शब्द असतो: 'नेहमीचेच.'

गुडघ्यांचा भाग लिहिणे सर्वांत अवघड गेले. हास्यावर १९०० मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. मी माझे गुडघे किती दुखतात हे सांगू लागले, की प्रेक्षकांची ती बधिरता उतरते आणि त्यांना माझी कीव येते. कीव करणारा प्रेक्षक हसत नाही आणि, याहून वाईट म्हणजे, ऐकतही नाही. तो भाग आता मी पलंगाखाली शिरून बोलते. प्रेक्षकांना फक्त माझे पाय दिसतात आणि आवाज ऐकू येतो. गुडघ्याबद्दलची वाक्ये तीच आहेत. मात्र मधूनमधून पलंगाखालून एकेक वस्तू सरकत बाहेर येते, आणि बोलणे तिच्यामुळे दर वेळी तुटते. लोक वस्तूंना हसतात, गुडघ्याचे ऐकतात. यापेक्षा चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

प्रयोग संपल्यावर दर वेळी दोन-तीन माणसे बाजूला घेऊन विचारतात, "ते घर आमचे तर नव्हते ना?" त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी मी कधी काम केलेले नसते. त्यांना तसे सांगितले की त्यांची सुटका होण्याऐवजी किंचित निराशा होते, असे माझे निरीक्षण आहे. एका गृहस्थांनी तर आपल्या न्हाणीघराच्या काचेचे छायाचित्र दाखवून सल्ला मागितला. मी शेजारी संगमरवर आहे का ते विचारले, आणि ते आहे असे कळल्यावर मंचावरील त्या सुस्वभावी आम्लाची त्यांना पुन्हा एकदा आठवण करून दिली.

शेवट मात्र बराच काळ जमत नव्हता. सुरुवातीला मी भाषण करून पाहिले, नंतर किल्ली टेबलावर ठेवून अंधार करून पाहिला; दोन्ही पाहताना मलाच संकोच वाटे. मग फरशी पुसण्याच्या दृश्यावर संपवायचे ठरवले. मॉप घेऊन मी मागच्या पडद्याकडून प्रेक्षकांच्या दिशेने पुसत येई आणि अगदी पुढे, प्रकाशात येऊन उभी राही. एका छोट्या नाट्यगृहात प्रयोग सात मिनिटे लांबला आणि दारात बादली घेऊन तिथल्या सफाई कामगार बाई तिष्ठत उभ्या राहिलेल्या मला मंचावरून दिसल्या. पडदा पडल्यावर मी त्यांची क्षमा मागायला गेले. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "उशिराचे राहू द्या हो ताई. पण तुम्ही इतकी वर्षे काम केले म्हणता आणि पुसत पुढे येता? पुसलेल्यावर आपलेच पाय उमटतात. मागे मागे जायचे, दाराकडे."

नऊ वर्षे मी तसेच पुसत आले होते. मंचावर चढल्यावर, लोकांना माझा चेहरा दिसावा म्हणून, मी ते उलटे केले होते आणि ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. पुढच्या प्रयोगापासून मी प्रेक्षकांच्या अगदी पायाशी सुरुवात करते, त्यांच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत जाते, अर्धवट राहिलेले बोलणे तसेच चालू ठेवते, आणि पाठ विंगेतल्या दाराला टेकली की बाहेर पडते. मंच ओला असतो, त्यामुळे नमस्कारासाठी मला परत येता येत नाही. टाळ्या वाजत असतात आणि मी आत मॉप पिळत असते.